पट्ट्यांची गोधडी पायमशीनवर: आधी अरुंद पट्टे, मग जोड

जिंतूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा अकरावीला लातूरला चाललाय, होस्टेलवर राहणार. त्याच्यासाठी पट्ट्यांची गोधडी घरीच करायची आहे. घरात पायमशीन आहे, आहेरात आलेल्या ब्लाउजपीसांचा ढीग आहे, सासूबाईंची दोन जुनी सुती इरकली लुगडी आहेत. एकदा त्यांनी करून पाहिलं. वरचा भाग सगळा आधी जोडून घेतला, खाली चादर आणि अस्तर अंथरलं आणि टाके घालायला मशीनवर बसल्या. मधोमध पोचेपर्यंत गुंडाळी मशीनखाली मावेना, आणि उलटून पाहिलं तर अस्तराला चुण्याच चुण्या. व्हिडिओत बायका एका दिवसात गोधडी हातावेगळी करतात. ते कसं, ‘जेली रोल’ म्हणतात तो कुठे मिळतो आणि आत काय घालायचं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मशीन तुमचं चांगलंच आहे आणि हातही. चुकली ती कामाची रीत. घरगुती मशीनवर सुईपासून उजव्या हाताच्या खांबापर्यंत सहा-सात इंच जागा असते. एवढ्यातून पाच फूट रुंद गोधडी ओढायची म्हणजे अर्धी गोधडी त्या भोकात कोंबायची. वजन एका बाजूला लोंबतं, वरचं कापड पुढे सरकतं, खालचं मागे राहतं, आणि आपल्याला दिसत नाही त्या बाजूला चुण्या पडतात. आपल्या बायका वाकळ हाताने शिवायच्या तेव्हा ही अडचणच नव्हती. वाकळ जमिनीवर अंथरलेली, भोवती दोघी-तिघी बसलेल्या. सुईला जायला सगळीकडून वाट मोकळी. शिवाय तुकडा ठेवायचा आणि लगेच सगळ्या थरांतून दोरा घालायचा, म्हणजे जोडणं आणि दोरे घालणं एकाच वेळी. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, ती तर कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने आत आत जातात, तुकडा दुमडत आणि शिवत. व्हिडिओतली पद्धत याच जातीची आहे. फरक एवढाच की मशीनला मोकळी वाट लागते, म्हणून गोधडी आधी अरुंद पट्ट्यांत, म्हणजे मोठ्या उभ्या पट्ट्यांत, तिन्ही थरांसकट पुरी करायची आणि हे पट्टे शेवटी एकमेकांना जोडायचे.

पुढे घोटाळा नको म्हणून सांगते: ‘पट्टी’ म्हणेन ती तीन इंची छोटी, आणि ‘पट्टा’ म्हणेन तो बावीस इंच रुंद आणि गोधडीइतका लांब.

जेली रोलचं आधी उरकून टाकते. अमेरिकेत अडीच इंच रुंद आणि साधारण ४४ इंच लांब अशा चाळीसेक पट्ट्या एकाच रंगसंगतीत कापून, गुंडाळी करून विकतात. ती गुंडाळी म्हणजे जेली रोल. त्यात कापून ठेवलेलं कापड सोडून दुसरं काही नाही. तुमच्याकडे ढीगभर ब्लाउजपीस असताना ते मागवायला पैसे घालू नका.

पण आहेराचे ब्लाउजपीस म्हणजे एक जातीचं कापड नव्हे, आणि गोधडी पुढे वाकडी होते त्याचं अर्धं कारण इथेच असतं. एक पीस सुती, दुसरा टेरीकॉट म्हणजे सूत-पॉलिस्टर मिश्र, तिसरा नुसता पॉलिस्टर, आणि घडीत सगळे सारखेच दिसतात. पहिल्या दोन धुण्यांत सुती आखडतं, पॉलिस्टर आखडत नाही. मग एक पट्टी ताणलेली, शेजारची फुगलेली. ओळखायला प्रत्येक पीसच्या कडेचे चार-सहा धागे उपसा, चिमट्यात धरा आणि मोरीजवळ काडी लावा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. राखही आणि मणीही झाला तर ते मिश्र कापड. तुमच्या गोधडीत शक्यतो सुतीच घ्या. तेवढे पीस भरले नाहीत तर मिश्र कापडाची दुसरी वेगळी गोधडी करा, पण दोन्ही एकीत घालू नका. शिंप्याकडची कातरणं आणतानाही हेच बघायचं. शाळेच्या गणवेशाची कातरणं बहुतेक टेरीकॉटचीच असतात.

सुती पीस निवडले की सगळे एकदा पाण्यातून काढा, खळ जाऊ द्या, वाळवून इस्त्री करा. लाल, मरून आणि गडद निळा यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही. ओला तुकडा पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. डाग उमटला तर पुन्हा धुवा. दोन-तीनदा धुऊनही उमटतच असेल तर तो पीस बाजूला. मिठाच्या पाण्यात ठेवलं की रंग पक्का होतो असं सांगतात, त्याच्यावर मी कधी विसंबत नाही. रंगून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने बांधला जात नाही.

आता लुगड्यांचं. सासूबाईंना विचारून घ्या, म्हणजे झालं. नातवाच्या अंगावर जाणार म्हटल्यावर बहुधा त्याच कपाटातून काढून देतील. एका लुगड्याचं अस्तर करा आणि दुसरं आत घाला. ही लुगडी शेकडो वेळा धुतलेली, आता आणखी आखडणार नाहीत, आणि अंगाला त्याच्याइतकं मऊ काही नाही. नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, सव्वातीनशे इंच. त्यातून ९२ इंचाचे तीन तुकडे निघतात, आणि प्रत्येक तुकडा उभा मधोमध कापला की दोन पट्टे. म्हणजे एका लुगड्यातून सहा पट्टे. अस्तराला तीन लागतात, आत दुहेरी थर घातला तर सहा. हिशोब छान बसतो. फक्त लुगडं उजेडात धरून बघा. काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो. दोन्ही अंगठ्यांनी ताणल्यावर चरचर वाजलं तर तो भाग अस्तराला नको. आतल्या थराला थोडं विरलेलं चालतं. पदर मात्र दोन्हीचा कापून टाका. जुन्या इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, त्याचा ताणा वेगळा असून तो अंगाच्या ताण्याला धाग्यात धागा अडकवून जोडलेला असतो. तो घसरतो, आणि जोडाच्या रेषेवर टाका धरत नाही. काठ अस्तरात राहू द्या, पाठीमागून उभी रेघ छान दिसते. आतल्या थरातून मात्र काढा, उगीच जाड होतो. काठ काढल्यावर रुंदी इंच-दोन इंच कमी भरली तर आतल्या थराला तुकडा शेजारी ठेवून कच्च्या टाक्याने अडकवा, एकावर एक चढवू नका.

आत पॉलिफिल, म्हणजे पॉलिस्टरचं भरण, किंवा कापूस का नको? लातूर बालाघाटाच्या पठारावर आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, पण तुमच्या परभणीसारखा नव्हे. परभणीचा पारा कधी कधी पाच-सहा अंशांच्याही खाली उतरतो. लुगड्याचे दोन थर, वर पट्ट्या, खाली अस्तर, एवढ्यावर तिथला हिवाळा निघतो आणि उरलेले आठ-नऊ महिने गोधडी पांघरायलाही चालते, खाली घालायलाही. दुसरी गोष्ट धुण्याची. हे पोर होस्टेलवर बादलीत गोधडी धुणार. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तसं वर्ष पुन्हा न येवो, पण जी गोधडी दोन बादल्यांत निघते तीच धुतली जाते. कापसाची जड गोधडी वर्षभर तशीच लोळते. पिंजून आणलेला मोकळा कापूस या पद्धतीला तसाही जमत नाही. पट्टी शिवताना आतला थर उघडा असतो, मशीनच्या पायाला कापसाचे तंतू अडकतात, आणि अडीच इंचांवरच्या शिवणीत मोकळ्या कापसाचे पुढे गोळे होतात. त्याला हाताचे दाट दोरेच पाहिजेत. पॉलिफिलची पातळ शीट चालते, शंभर जीएसएमच्या (चौरस मीटरला शंभर ग्रॅम) आसपासची, कुशनवाल्यांकडे मीटरवर मिळते. ती घातली तर गरम इस्त्री फिरवायची नाही, वितळून कापडाला चिकटते.

माप असं धरा: तीन पट्टे, प्रत्येकी २२ इंच रुंद आणि ९२ इंच लांब. शेवटी कडा छाटून रुंदी २१ उरते. तीन एकवीस त्रेसष्ट, आणि लांबी नव्वद. म्हणजे सव्वापाच फूट बाय साडेसात फूट. होस्टेलची बाज किंवा कॉट तीन फुटी असते, उंच पोराचेही पाय झाकतात.

पट्ट्या तीन इंच रुंद कापा. दोन्ही कडांनी पाव-पाव इंच शिवणीत जाऊन अडीच इंच दिसते. नव्वद इंच भरायला प्रत्येक पट्ट्यावर ३६ पट्ट्या लागतात, तीन पट्ट्यांवर मिळून १०८. ब्लाउजपीस ८० सेंटीमीटर लांब आणि ३६ इंच पन्ह्याचा असेल तर त्यातून तीन इंची दहा पट्ट्या निघतात. पण पाहिजे बावीस इंच लांबी, मग छत्तीसमधले चौदा इंच वाया जातात का? नाही. सगळ्या पट्ट्या टोकाला टोक शिवत जा, रंग कसेही येऊ द्या. लांबच लांब फीत तयार होते, आणि तिच्यातून दर २२ इंचांवर कापत जायचं. कुठे एकाच रंगाची पट्टी येते, कुठे दोन रंगांची. झटपट दिसण्याचं सगळं गुपित या फितीत आहे, कारण रंग जुळवत बसावं लागत नाही. असे सात पीस पुरतात, आठवा हाताशी ठेवा. फीत कापताना टोकाचा जोड अगदी कडेला इंचभरावर आला तर तेवढा तुकडा टाकून द्या, नाहीतर पट्टे जोडताना तिथे गाठ होते.

कातरत बसण्यापेक्षा सुती कापड फाडा. कडेला कात्रीने चीर द्यायची आणि टरकन ओढायचं, कापडाच्या दुकानात फाडतात तसं. धाग्याच्या रेषेतच फाटतं, त्यामुळे पट्टी सरळ येते. कड थोडी विसविशीत होते, म्हणून फाडताना सूतभर जास्त घ्या आणि इस्त्री मारा. जुनं लुगडं मात्र फाडू नका, विरलेल्या जागी ते भलतीकडेच जातं. खडूची रेघ मारून कात्रीनेच कापा.

पट्ट्या आडव्याच का, उभ्या नव्वद इंची का नकोत? बायका हे नेहमी विचारतात, कारण उभ्या पट्ट्या घेतल्या की शिवणी कमी दिसतात. नव्वद इंचांची शिवण सरळ ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. शेवटाकडे वरची पट्टी दोन बोटं पुढे निघालेली असते, आणि पुढची शिवण उलट दिशेने घातली तर पट्टा नागमोडी होतो. बावीस इंचांत कापडाला सरकायला वेळच मिळत नाही. शिवणी जास्त, पण प्रत्येक छोटी, आणि चुकली तर उसवायला दोन मिनिटं.

मशीनची तयारी. सोळा नंबरची नवी सुई लावा. लुगड्यांचे थर पातळच असतील तर चौदा नंबरही चालेल, पण जोड शिवताना सोळाच. टाका मोठा करा, इंचाला आठ-नऊ टाके. बारीक टाक्याने जुन्या कापडाला भोकांची ओळ पडते आणि ते तिथूनच फाटतं. कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब कमी करा: डाव्या टोकाला, सुईच्या वरच्या बाजूला उभ्या दांड्याच्या डोक्यावर स्क्रू असतो, तो थोडा सैल करायचा. बहुतेक घरांत तो वर्षानुवर्षं कोणी हलवलेला नसतो. तुमच्या अस्तराला चुण्या पडल्या त्यात या दाबाचा वाटा मोठा असणार. वरचं कापड खालच्याबरोबर ओढणारा ‘वॉकिंग फूट’ म्हणून एक जोड मिळतो, पण अरुंद पट्ट्यांना त्याच्यावाचून अडत नाही. तेवढेच थर घेऊन एका चिंधीवर टाके मारून बघा. खालचा दोरा वर दिसत असेल तर वरचा ताण कमी करा. मधूनमधून बॉबिनची डबी काढून धूळ झाडा, जुन्या सुती कापडाचा भुगा फार पडतो.

आता पट्टा. जमिनीवर अस्तर उलट अंथरा, म्हणजे त्याची चांगली बाजू खाली. हाताने ताठ करा, पण ताणू नका. त्यावर आतले दोन थर. मग पट्ट्याच्या लांबीत कच्च्या टाक्याच्या तीन ओळी घाला, दोन कडांना आणि एक मध्ये. टाका चार बोटांचा असला तरी चालेल. सेफ्टी पिनाही चालतात, पण त्या शिवणीच्या वाटेत येतात आणि सारख्या काढाव्या लागतात. मग खडूने बरोबर मध्यावर एक आडवी रेघ मारा, आणि तिथून दोन्हीकडे दर दहा इंचांवर एक. या रेघा विसरू नका, पुढे त्यांच्याच जिवावर सगळं चालतं.

पहिली पट्टी मध्यावर, सुलट. तिच्यावर दुसरी पट्टी उलट ठेवायची, उजव्या कडा जुळवायच्या, आणि कडेपासून पाव इंचावर सगळ्या थरांतून शिवण घालायची. दुसरी पट्टी उजवीकडे उघडा, शिवणीवरून नखाने दाबत जा. सगळं सुतीच असेल तर चार-पाच पट्ट्यांनंतर इस्त्री फिरवा. तिसरी पट्टी दुसरीवर उलट, पुन्हा शिवण, पुन्हा उघडायची. एवढंच. प्रत्येक शिवण पट्ट्या जोडते आणि त्याच वेळी तिन्ही थर बांधते, म्हणून वेगळे दोरे घालायचं कामच उरत नाही.

मध्यापासून सुरुवात करायला दोन कारणं आहेत. शिवताना पट्ट्याची मोकळी बाजू उजवीकडे, म्हणजे मशीनच्या पोटात येते. टोकापासून सुरू केलं तर सुरुवातीला पूर्ण ब्याण्णव इंचांची गुंडाळी तिथे घुसवावी लागते. मध्यापासून केलं तर तिच्या निम्मी, आणि दर पट्टीला ती लहान होत जाते. एक टोक गाठलं की पट्टा फिरवायचा आणि दुसरी बाजू तशीच. दुसरं कारण असं की कापड थोडं तरी सरकतंच. ते मध्यापासून दोन्हीकडे वाटलं जातं, एका टोकाला साचत नाही.

चार पट्ट्या झाल्या की दहा इंच भरायला पाहिजेत. खडूच्या रेघेपासून डाव्या आणि उजव्या कडेला मोजा. एका कडेला सूतभर पुढे गेलं असेल तर पुढच्या दोन-तीन पट्ट्यांत थोडं थोडं सांधून घ्या. एकाच पट्टीत सगळा फरक काढायला गेलात तर ती पाचर दिसते. आणि दर दोन शिवणींनंतर पट्टा उलटून अस्तर बघा. चुणी दिसली तर तेवढ्यापुरतं त्याच वेळी उसवा. वर आणखी पाच पट्ट्या चढल्यावर ती उसवायची कोणाची इच्छा होत नाही, आणि मग ती तशीच राहते.

तिन्ही पट्टे असे करून घ्या. एका पट्ट्याला निवांत एक दुपार धरा. व्हिडिओत एका दिवसात होतं ते कापड कापून, इस्त्री करून तयार असतं म्हणून.

पट्टे झाल्यावर जमिनीवर अंथरून छाटायचे. लांब सरळ मोजपट्टी नसेल तर दोन टोकांना खिळ्याला दोरा ताणून बांधा आणि त्याच्या कडेने खडू मारा. एकवीस इंच म्हणजे एकवीस. इथे सूतभर इकडेतिकडे झालं तर जोडात दिसतं. छाटलेल्या कडेपासून थोडं आत एक साधी शिवण मारून घ्या, म्हणजे पट्ट्यांची टोकं हलत नाहीत. आणि तिन्ही पट्ट्यांतल्या आडव्या शिवणी एका रेषेत आणायचा हट्ट सोडा. १०८ पट्ट्यांत त्या जुळत नाहीत, आणि निम्म्या जुळल्या की उरलेल्या चुकल्यासारख्या दिसतात. मधला पट्टा मुद्दाम सव्वा इंचाने खाली-वर ठेवा, विटांच्या भिंतीत सांधे सुटतात तसे. टोकाचं जास्तीचं शेवटी छाटलं जातं. त्यासाठी त्या पट्ट्यावर एक पट्टी जास्त शिवून ठेवा. लांबीत दोन इंचांची सोय आपण ठेवलेलीच आहे.

सगळ्यात जास्त लक्ष जोडाकडे द्यायचं. पट्ट्यांची गोधडी पहिली उसवते ती इथेच. दोन जोडांसाठी वरून दिसणाऱ्या दोन फिती दोन इंच रुंद, आणि पाठीमागच्या दोन सव्वादोन इंच, सगळ्या ९२ इंच लांब. कापड नवं आणि मजबूत घ्या, पॉपलीन किंवा धुऊन घेतलेला मांजरपाट. गोधडीच्या चारी कडांना लावायच्या गोटासाठीही तेच. लुगड्याचा गोट करू नका. पांघरताना सगळ्यात जास्त हाताळली जाते ती कड, आणि जुनं कापड वर्षभरात तिथे झिजतं. जोडाच्या फिती आणि गोट मिळून त्रेचाळीस-चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड पुरतं, उलट उरतं. रंग एकच ठेवा. पट्ट्यांत रंगांची गर्दी असते, तिला बांधून ठेवायला एक शांत गडद रंग बरा.

पहिल्या पट्ट्याच्या उजव्या कडेवर दोन इंची फीत उलट ठेवा, कडा जुळवून. त्याच कडेला खालून, अस्तराच्या बाजूला, सव्वादोन इंची फीत तशीच लावा, तिची चांगली बाजू अस्तराकडे. दोन्हींना मिळून कडेपासून अर्ध्या इंचावर एकच शिवण. पाव इंच घेऊ नका, एवढ्या थरांत ती निसटते. दोन्ही फिती बाहेर उघडा. आता वरच्या फितीची मोकळी कड मधल्या पट्ट्याच्या कडेवर, सुलटावर सुलट, आणि अर्ध्या इंचावर शिवण. ही शिवण घालताना खालची फीत बाजूला धरा, तिला टाका लागायला नको. उघडलं की दोन्ही पट्ट्यांच्या कडा फितीखाली एकमेकींना बरोबर भिडतात: इकडून अर्धा इंच, तिकडून अर्धा इंच, आणि वर एक इंच फीत. म्हणून जोडात रुंदी कमी होत नाही आणि जाड कणाही उमटत नाही. कडा एकमेकींवर चढत असतील तर शिवण अर्ध्या इंचाहून जास्त आत गेली आहे किंवा फीत अरुंद कापली आहे. तशीच दाबून पुढे जाऊ नका. आता गोधडी उलटा, पाठीमागची फीत ओढून जोडावर पसरा, तिची मोकळी कड आत दुमडा, दुसरी शिवण झाकली जाईल इतकी पुढे न्या आणि हाताने तुरपाई करा. मशीननेही होते, पण वरच्या बाजूला टाका कुठे उमटेल ते दिसत नाही. हे नव्वद इंच मी हातानेच घालते.

तिसरा पट्टा जोडताना एकटा पट्टा मशीनच्या पोटाकडे ठेवा आणि जोडलेले दोन डावीकडे. डाव्या हाताला बाज किंवा स्टूल ओढून घ्या आणि वजन त्यावर टेका. गोधडी खाली लोंबत राहिली तर ती सुईला ओढते. सुया मोडतात त्या बहुतेक अशाच.

गोट अडीच इंची, उभा दुमडून दुहेरी. चार फिती टोकाला टोक जोडल्या की चारी बाजू पुरतात. वरून कडेला शिवायचा, मागे वळवून तुरपायचा. कोपऱ्यापाशी शिवणीइतकी जागा सोडून थांबा, दोरा तोडा, गोट सरळ वर दुमडून परत खाली आणा आणि नव्या कडेवरून सुरू करा. कोपरा आपोआप तिरका बसतो. जोडाच्या ठिकाणी गोट येतो तिथे थर खूप होतात. तेवढी दोन बोटं मशीनचं चाक हाताने फिरवा.

पट्ट्या फारच छोट्या उरल्या असतील तर मधल्या चौकोनाभोवती फिरत्या पट्ट्या लावून पंधरा-पंधरा इंचांचे चौकोनही याच रीतीने होतात. अमेरिकेत त्या नमुन्याला ‘लॉग केबिन’ म्हणतात. दिसायला देखणा आहे, पण एवढ्याच गोधडीला तसे चोवीस चौकोन लागतात आणि प्रत्येकाच्या चारी बाजूंना जोड. जून तोंडावर असताना तुम्ही त्यात शिरू नका.

मशीनची शिवण लवकर उसवते अशी शंका पुष्कळ जणींना असते. घटस्थापनेच्या आधी आपल्याकडे घरातल्या सगळ्या वाकळी नदीवर किंवा विहिरीवर धुवायला काढतात आणि धोपटण्याने बडवतात. तेवढा मार या शिवणी सोसतात, जोडातली शिवण अर्धा इंच आत असेल तर. हाताच्या वाकळीत दोरे दाट असतात, एखादा तुटला तर शेजारचा धरतो. इथे दोन शिवणींत अडीच इंचांचं अंतर आहे, म्हणून कुठे टाका सुटलेला दिसला की त्याच आठवड्यात हाताने धरून घ्यावा. मुलाच्या सामानात एक सुई आणि जाड रीळ द्या, आणि धुतल्यावर पिळायची नाही एवढं सांगा: बादलीतून काढून नळावर निथळत ठेवायची, मग बाजेवर पसरायची, जोडाची बाजू वर. जोड सगळ्यात शेवटी वाळतो, आणि पावसाळ्यात ओलसर घडी घातली तर कुबट वास तिथूनच सुरू होतो.